थांबला, थांबवला की थांबायला सांगितलं: एका मोटार कंट्रोलरचं प्रकरण

मागच्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातल्या एका मोसंबीच्या बागेत विहिरीवरची मोटार जळाली. तिच्यावर आमचा कंट्रोलर बसवलेला होता. विहिरीचं पाणी संपलं की मोटारीचा करंट खाली येतो, तो ओळखून मोटार बंद करायची हे त्या कंट्रोलरचं मुख्य काम. पाणबुडी मोटारीला थंड ठेवणारं आणि तिच्या बेअरिंगला वंगणासारखं उपयोगी पडणारं पाणीच असतं. ते नसताना ती चालत राहिली तर फार वेळ टिकत नाही. त्या रात्री कंट्रोलरने ती बंद केली नाही.

शेतकरी काका सकाळी फोनवर म्हणाले, "डबीवरचा दिवा तर लुकलुक करतच व्हता. मोटार बी चालू व्हती. पाणी मातर नव्हतं." या तीन वाक्यांत सगळं प्रकरण होतं, पण ते आम्हाला कळायला आठवडा लागला. कारण निघालं ते आमच्या कोडातली चार नावं. ही नावं मीच सहा वर्षांपूर्वी ठेवली होती, म्हणून हे प्रकरण नीट लिहून ठेवणं माझ्याकडेच येतं.

यंत्राची रचना

आम्ही छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत बसणारी छोटी टीम आहोत. कंट्रोलरमध्ये एक साधा मायक्रोकंट्रोलर, एसएमएससाठी मोडेम आणि सेटिंग व नोंदी ठेवायला एक छोटी कायम मेमरी. आत फ्रीआरटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते. ती एकाच चिपवर अनेक कामं पाळीपाळीने चालवते, आणि अशा प्रत्येक कामाला टास्क म्हणतात. तिच्यावर आम्ही स्वतःचा एक पातळ थर लिहिला होता, उद्या दुसरी सिस्टीम वापरायची वेळ आली तर वरचा कोड बदलावा लागू नये म्हणून. कोडातली नावं अर्थातच रोमन लिपीत आहेत, इथे ती देवनागरीत लिहितो.

त्या थरात 'थांबण्याची' चार फंक्शन होती. टास्क_स्लीप म्हणजे चालू टास्कने ठरलेला वेळ झोपायचं. टास्क_वेट म्हणजे एखादी घटना घडेपर्यंत किंवा कुलूप मोकळं होईपर्यंत वाट पाहायची. टास्क_पॉज म्हणजे दुसऱ्या टास्कला जिथे असेल तिथे थांबवून ठेवायचं. आणि टास्क_होल्ड म्हणजे टास्कांची अदलाबदलच काही काळ बंद करायची. लिहिताना मला ही नावं सुटसुटीत वाटली होती. चारही छोटी, चारही ओळखीची. प्रत्येकाच्या वर एका ओळीची टीप होती, आणि टास्क_पॉजच्या टीपेत एवढंच होतं: 'टास्क पॉज करतो.' म्हणजे नावात जे नव्हतं ते टीपेतही नव्हतं.

त्या रात्री काय झालं

मोजणीचं टास्क करंट पाहतं, मोटार चालू-बंद करतं आणि नोंदी लिहितं. मोडेमचं टास्क एसएमएस वाचतं आणि सेटिंग बदलतं. दोघांनाही तीच मेमरी लागते, म्हणून तिला एक कुलूप: ज्याच्या हातात ते, त्यानेच मेमरी वापरायची.

काही महिन्यांपूर्वी टीममध्ये आलेल्या एका मुलीने सेटिंग बदलण्याचा भाग नव्याने लिहिला होता. सेटिंग अर्धवट बदललेली असताना मोजणीने ती वाचू नयेत, हा तिचा विचार अगदी योग्य होता. म्हणून तिने आधी मोजणीला टास्क_पॉज केलं, मग मेमरीचं कुलूप घेतलं, सेटिंग लिहिली, कुलूप सोडलं आणि मोजणीला पुन्हा चालू केलं. वाचायला हा क्रम निर्दोष वाटतो. मी स्वतः तो तपासून मंजूर केला होता.

आता शेतातलं बघा. शेतीची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. लाईट नसली की आमचा मोडेमही बंद. विहिरीची पातळी खाली गेल्याने मोटार लवकर बंद पडत होती, म्हणून काकांनी संध्याकाळी घरूनच करंटची मर्यादा बदलायचा एसएमएस पाठवून ठेवला. तो कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहिला. रात्री लाईट आली. मोडेमने नेटवर्क पकडलं आणि अडकलेला एसएमएस आत आला. त्याच सुमारास, लाईट स्थिर व्हायला दिलेला वेळ संपल्यामुळे मोजणीने मोटार सुरू केली आणि सुरुवातीच्या नोंदी लिहायला घेतल्या: वेळ, तिन्ही फेजचं व्होल्टेज, तिन्हींचा करंट वगैरे वीसेक नोंदी. या मेमरीत एक लिखाण पुरं व्हायला सुमारे 5 मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ मोजणी झोपते, पण कुलूप हातात ठेवूनच.

त्या झोपेत मोडेमची पाळी आली. त्याने मोजणीला थांबवलं. मग तो कुलूप मागायला गेला. कुलूप मोजणीकडे. मोजणी थांबवलेली. तिला सोडवणार कोण, तर मोडेमच, पण कुलूप मिळाल्यावर.

पुढे रात्रभर दोघंही तिथेच. मोटारीचा रिले, म्हणजे तिला वीज देणारा स्विच, ओढलेला तो ओढलेलाच, आणि दिवा लुकलुकत राहिला कारण त्याचं टास्क वेगळं होतं. वॉचडॉगला, म्हणजे हजेरी मिळाली नाही तर यंत्र नव्याने सुरू करणाऱ्या सर्किटला, 'मी जिवंत आहे' सांगायचं कामही आम्ही त्याच दिव्याच्या टास्कला दिलं होतं. ती आमची वेगळी आणि मोठी चूक, ती त्याच आठवड्यात सुधारली. आता प्रत्येक टास्कने आपली हजेरी दिली तरच वॉचडॉग शांत राहतो.

शोधाचे दोन दिवस वाया कसे गेले

यंत्र परत आल्यावर पहिला धागा नोंदींमध्ये मिळाला. वीस नोंदींची ओळ तिसऱ्या फेजच्या व्होल्टेजवर तुटली होती. पुढचं काहीच नाही. लॅबमध्ये आमची लाईट कायम चालू, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. एसएमएस आधी पाठवायचा आणि मग भिंतीवरचं बटण दाबायचं, असं केल्यावर चौथ्या खेपेला यंत्र अडकलं.

डीबगर, म्हणजे चालू कोडाच्या आत पाहायचं साधन, लावला. टास्कांच्या खिडकीत मोजणीसमोर 'सस्पेंडेड' (निलंबित) आणि मोडेमसमोरही 'सस्पेंडेड'. मोजणीचं समजलं, पण मोडेमला कोणी थांबवलं? आम्ही दोन दिवस तो गुन्हेगार शोधत होतो, आणि तो नव्हताच. फ्रीआरटीओएसमध्ये एखादं टास्क मुदत न घालता, अनंत काळ वाट पाहायला बसलं, तर सिस्टीम त्याला आतून निलंबित टास्कांच्याच यादीत ठेवते. ते कशाची तरी वाट पाहतंय की खरोखर निलंबित आहे, हे दुसऱ्या एका नोंदीवरून ओळखावं लागतं. सिस्टीमचं स्वतःचं अवस्था सांगणारं फंक्शन हा फरक करतं. आमच्या डीबगरची खिडकी फक्त यादी पाहत होती. दोन वेगळ्या गोष्टी एका यादीत ठेवणं सिस्टीमला सोयीचं असेल, पण त्या यादीचं नाव तसंच माणसापर्यंत आलं की माणूस चुकीच्या दिशेला जातो.

कुलपाची गाठ सापडल्यावर मी त्या मुलीला विचारलं, पॉज लिहिताना तुझ्या मनात काय होतं. ती म्हणाली, "सर, मला वाटलं त्याला थांबायला सांगितलं की ते हातातलं काम संपवेल आणि मग थांबेल."

या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. तिने कॉलेजात लिनक्स शिकलेलं. लिनक्स ज्या युनिक्सच्या परंपरेतलं, तिच्यात पॉज नावाचं फंक्शन आहेच, आणि ते हाक मारणाऱ्याला स्वतःलाच थांबवतं, एखादा सिग्नल येईपर्यंत. दुसऱ्याला थांबवायला तिथे स्टॉप नावाचा सिग्नल आहे. वेट हे नावही तिथे अपत्य प्रक्रिया (आपणच सुरू केलेला दुसरा प्रोग्राम) संपण्याची वाट पाहण्यासाठी राखलेलं. मी मात्र पॉज, वेट आणि स्लीप हे तिन्ही शब्द उचलले, त्यातल्या दोघांचा अर्थ बदलला, आणि कुठे लिहिलं नाही. ज्याला युनिक्स येतं त्याला आमचा थर जास्त फसवत होता, कमी नाही.

नावं बदलायला बसलो तेव्हा

एका शनिवारी दुपारी सगळे टेबलाभोवती बसलो. मी एकच अट घातली: इंग्रजी नाव शेवटी, आधी प्रत्येक फंक्शन काय करतं ते पूर्ण मराठी वाक्यात सांगायचं, कर्ता आणि कर्मासकट.

इथे मराठीने जे काम केलं ते मला अपेक्षित नव्हतं. 'टास्क थांबतं' आणि 'टास्कला थांबवतं' ही आपल्याकडे दोन वेगळी क्रियापदंच आहेत. प्रयोजक रूप आलं की दुसरा कोणीतरी आहे हे आपोआप सांगितलं जातं. 'थांबायला सांगतं' हे तिसरं, त्यात थांबणाऱ्याची मर्जी शिल्लक राहते. इंग्रजीत पॉज, स्टॉप हे शब्द दोन्हीकडे चालतात, आणि कोण कोणाला थांबवतंय हे फंक्शनच्या कंसात काय टाकलं यावरून ताडावं लागतं. आम्ही रोज जेवणाच्या डब्यावर हा फरक अचूक बोलत होतो आणि कोड लिहिताना तो हरवत होतो.

आमच्या पॅनेलची वायरिंग करणारे मामा शेजारच्या बाकावर टर्मिनल आवळत होते. आमचं ऐकून म्हणाले, "म्हंजे एक झोपलाय, एक वाट बघून राहिला, आन एकाला बांधून टाकलंय. आता बांधलेल्याच्या खिशात किल्ली राहिली, तर दुसऱ्यानं काय करायचं?"

त्यांनी कोडाची एक ओळ पाहिलेली नव्हती. किल्लीचा प्रश्न मात्र त्यांनी विचारला.

त्या वाक्यावरून तीन प्रश्न ठरले, आणि प्रत्येक नावाने त्यांची उत्तरं द्यायची: थांबतं कोण, ते स्वतः की दुसऱ्यामुळे, आणि सुटका कशाने होते.

स्लीप सोपं गेलं. त्याचं नाव स्लीप_फॉर_एमएस झालं, कारण जुन्या नावात वेळेचं एककही नव्हतं. वेट मात्र आम्ही मुद्दाम फोडलं. मुदत असलेलं वेट_मॅक्स_एमएस आणि मुदत नसलेलं वेट_फॉरएव्हर. पूर्वी दोन्ही एकच फंक्शन होतं आणि अनंत काळासाठी एक मोठा आकडा पाठवायचा. तो आकडा तपासताना नजरेतून निसटतो. 'फॉरएव्हर' हा शब्द निसटत नाही. पाण्याशी आणि मोटारीशी संबंध असलेल्या टास्कमध्ये तो दिसला तर विचारावंच लागतं, कायमचं का?

टास्क_होल्डवर वाद झाला. खाली फ्रीआरटीओएसमध्ये त्याचं नाव व्हीटास्कसस्पेंडऑल आहे. वाचून वाटतं, सगळी टास्क थांबतात. प्रत्यक्षात ज्याने हाक मारली ते टास्क चालूच राहतं, शेड्युलर (टास्कांची पाळी ठरवणारा भाग) थांबतो आणि इंटरप्ट (हार्डवेअरकडून मधेच येणाऱ्या हाका) येतच राहतात. शिवाय व्हीटास्कसस्पेंडऑलची मोजदाद होते: दोनदा बंद केलं तर दोनदा सोडावं लागतं. त्याच्याच शेजारच्या, 'ऑल' नसलेल्या व्हीटास्कसस्पेंडची मोजदाद होत नाही: एका टास्कला तीनदा थांबवा, एकदा चालू केलं की ते सुटतं. दोन नावांत एका छोट्या शब्दाचा फरक, आणि वागणं असं उलटं. कोणीतरी शेड्युलर_लॉक सुचवलं, पण कुलूप हा शब्द आमच्याकडे मेमरीच्या कुलपाला दिलेला. शेवटी नो_स्विच_बिगिन आणि नो_स्विच_एंड ही जोडी ठरली. बोजड आहे, पण जोडी असल्याने एक लिहिलं की दुसरं कुठे आहे ते डोळे शोधतात.

आणि टास्क_पॉज. त्याचं मराठी वाक्य असं झालं: 'दुसऱ्या टास्कला, त्याच्या हातात काय आहे ते न पाहता, जागच्या जागी थांबवतो, आणि तोच किंवा तिसरा कोणी सोडवेपर्यंत ते सुटत नाही.' हे वाक्य फळ्यावर लिहिल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. फ्रीझ_अदर_अनसेफ असं एक नाव पुढे आलं आणि तेच खरं होतं. पण असं खरं नाव दिल्यावर ते फंक्शन वापरायला हात धजेना. मग ठेवायचं कशाला? आम्ही ते थरातून काढून टाकलं.

हा प्रश्न आमच्याआधी इतरांना पडलेला आहे. जावा भाषेत थ्रेडला, म्हणजे आमच्या टास्कसारख्याच समांतर चालणाऱ्या कामाला, बाहेरून सस्पेंड करण्याची सोय होती. 1998 मध्ये आलेल्या 1.2 आवृत्तीपासून ती वापरू नये असं जाहीर झालं, आणि कारण तेच: थांबवलेल्या थ्रेडच्या हातात कुलूप असेल तर सोडवणाराच त्या कुलपावर अडकू शकतो. लिनक्सच्या गाभ्यात अंतर्गत थ्रेडसाठी 'पार्क' हा शब्द आहे. बाहेरचा पार्क व्हायला सांगतो, थ्रेड सोयीच्या ठिकाणी 'मला पार्क व्हायला सांगितलंय का' असं विचारतो आणि मग स्वतःच उभा राहतो. त्या मुलीच्या मनात पॉजचा जो अर्थ होता, नेमका तोच. आम्ही तो शब्द घेतला: आस्क_टू_पार्क आणि पार्क_इफ_आस्क्ड. दुसरं फंक्शन मोजणीच्या चक्रात एकाच जागी येतं, कुलूप सोडल्यानंतरच्या ओळीवर.

पार्क हा शब्द मला आवडला याचं आणखी एक कारण आहे. त्याच्यावर जुना अर्थ चढलेला नव्हता. जुन्या शब्दाला विशेषण लावून फरक दाखवता येतो, पण विशेषण बोलताना गळून पडतं. लिनक्समध्ये मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्याला 'पेज', म्हणजे पान, म्हणतात; त्या शब्दाचं असंच झालं होतं. एकटं पान, जोडपानांतलं पहिलं पान आणि मधलं पान, तिन्हींना कोडात पेजच म्हणत, आणि फंक्शनला नेमकं कोणतं मिळालंय हे दर वेळी तपासावं लागे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्या मॅथ्यू विलकॉक्स यांनी त्यासाठी 'फोलिओ' हा वेगळा शब्द आणि वेगळा प्रकार आणला. नावावरून बराच खल झाला, आणि जानेवारी 2022 मधल्या 5.16 आवृत्तीत तो आला. फोलिओ म्हटलं की ते मधलं पान नसणार, हे नावातच ठरून जातं.

आक्षेप, आणि माझं मत

आमच्यातल्या एका अनुभवी सहकाऱ्याने विचारलं, हा उपद्व्याप हवाच कशाला? मूळ सिस्टीमची नावं तशीच ठेवा. बाहेर फ्रीआरटीओएस शिकून आलेला माणूस ती ओळखतो, तिची कागदपत्रं त्याच नावांनी आहेत. हा आक्षेप मला जड वाटला आणि अजूनही वाटतो. आज नव्याने सुरुवात केली असती तर मी कदाचित थरच लिहिला नसता. पण थर लिहायचाच तर नावं एक तर मूळची असावीत, नाही तर पूर्ण वेगळी. मी केलं ते सर्वांत वाईट होतं: तिसऱ्याच सिस्टीमची नावं घेऊन त्यांना चौथा अर्थ दिला.

फंक्शनांची नावंच मराठीत ठेवायची का, हेही बोललो. नको ठरलं, हा कोड बाहेरचे लोकही तपासतात. वरच्या टीपा मात्र मराठीत लिहिल्या, कारण विचार तिथे स्पष्ट झाला होता. स्लीप_फॉर_एमएसवर आता लिहिलंय: 'स्वतः थांबतो. वेळ संपली की सुटतो.' आस्क_टू_पार्कवर: 'दुसऱ्याला थांबायला सांगतो. तो हातातलं कुलूप सोडून थांबेल. लगेच थांबेल असं समजू नये.'

जुनी नावं आम्ही नव्यांकडे वळवून ठेवली नाहीत, सरळ काढली. कोड कंपाइल होईना, आणि प्रत्येक जागेवर जाऊन 'इथे काय म्हणायचं होतं' हे ठरवावं लागलं. तीन दिवस गेले. त्यात एका ठिकाणी होल्डच्या आत वाट पाहणारी ओळ सापडली. शेड्युलर थांबलेला असताना असं करणं फ्रीआरटीओएसमध्ये निषिद्ध आहे. नो_स्विच_बिगिनच्या खाली वेट_मॅक्स_एमएस असं दिसल्यावर ती चूक वाचतानाच टोचली. जुन्या नावांनी ती अनेक वर्षं लपली होती.

दुसरं सापडलं ते कुलपातच. आमचं कुलूप बनवणारं फंक्शन खाली म्युटेक्स (घेणाऱ्यानेच सोडायचं कुलूप) नव्हे, बायनरी सेमाफोर (टास्कांनी एकमेकांना खूण करायचं साधन) बनवत होतं. दोन्ही घेता-सोडता येतात, म्हणून लोक एकासाठी दुसरं वापरतात. पण महत्त्वाचं टास्क कुलपासाठी खोळंबलं असताना किल्लीवाल्याचा अग्रक्रम तात्पुरता वाढवायचं काम फक्त म्युटेक्स करतो. त्यातही फ्रीआरटीओएसमध्ये बायनरी सेमाफोर बनवायच्या दोन पद्धती: जुना व्हीसेमाफोरक्रिएटबायनरी आणि नवा एक्ससेमाफोरक्रिएटबायनरी. फरक पहिल्या अक्षराचा. जुन्यातून मिळतो तो लगेच घेता येतो, नव्यातून मिळतो तो आधी कोणीतरी द्यावा लागतो. एका अक्षरावर कुलूप उघडं की बंद हे ठरतं. आम्ही म्युटेक्स लावला आणि या दोन्ही नावांना थराच्या वर यायला बंदी केली.

शेतापर्यंत गेलेला बदल

काकांच्या मोटारीचं वाइंडिंग आम्ही आमच्या खर्चाने भरून दिलं. नवा कंट्रोलर बसवायला ती मुलगी आणि मी दोघंही गेलो. तिने काकांना चूक काय होती ते सांगितलं, किल्लीच्या भाषेत. काकांनी ऐकून घेतलं आणि जुन्या एसएमएसकडे बोट दाखवलं. "ताई, हितं बी तसंच हाये बगा. 'मोटार बंद' येवढंच येतं. लाईट गेली का पाणी सरलं, का म्याच बंद केली, कसं कळावं? रातच्याला उठून जावंच लागतं."

परतीच्या वाटेवर गाडीतच तिने नवे मजकूर लिहिले. आता तीन वेगळे एसएमएस जातात: 'लाईट गेली, म्हणून मोटार थांबली होती. आता लाईट आली, आपोआप सुरू होईल.' 'पाणी संपलं, म्हणून मोटार थांबवली. ठरलेल्या वेळेने पुन्हा पाहू.' आणि 'तुमच्या सांगण्यावरून मोटार बंद केली. तुम्ही सांगेपर्यंत बंद राहील.'

'रिसेट' हा शब्द अजून बाकी आहे. ओव्हरलोडनंतरचं रिसेट, वॉचडॉगचं रिसेट आणि सेटिंग मूळपदावर आणणारं रिसेट, तिन्ही एकाच नावाने कोडात आहेत. येत्या शनिवारी ते फळ्यावर घेणार आहोत, आणि मामांना आधीच बोलावून ठेवलंय.